नव्हे

चरईतल्या आमच्या दारात
प्रगणक बाई, चपला काढू की नको अशा उभ्या.
"घरात किती जण?"

आमच्यात माणसं मोजत नाहीत, बाई.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेव्हाही
शालोम पेझारकर बोट न दाखवता म्हणतो:
एक नव्हे, दोन नव्हे, तीन नव्हे…
गेल्या शनिवारी नऊ नव्हेवरच अडलो.
दहावा लोदला स्थायिक.
शनिवारी फोनही करता येत नाही.

भाषा त्यांनी न विचारताच मराठी लिहिली.
"मूळ कुठलं?"
फुटलेलं गलबत, नवगावचा किनारा.
सांगतात असं.
पुरावा एवढाच, की अष्टमीला पणजोबांच्या घाण्याचा बैल
शनिवारी सुटा असायचा.

बहीण एलिशेबा तिकडच्या कागदावर "भारत" लिहिते.
तिच्या मुलाने तो रकाना कोरा सोडला.

"मग 'इतर' लिहू?"
लिहा.
"आणि आकडा?"

आत सिम्हा पोहे भिजवत होती,
सवयीने पाच जणांचे.

पणजोबा तेलाच्या पहिल्या मापाला
एक म्हणत नसत.

"लाभ," मी म्हटलं,
आणि थोडं थांबून,
"दोन."