आवक निरंक

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, धनजीशेठच्या गाळ्यावर
तेरा वर्षं मी साठ्याचं रजिस्टर लिहिते.
सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक.
दगडफूल, नागकेशर, जायपत्री.
बाराही महिने माझ्या ओढणीला लवंगेचा वास.

वाशीच्या लॅबमध्ये, फॉर्मवर,
'पतीचे नाव' या रकान्यात हात सवयीने लिहून गेला:
निरंक.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, हे काय?
म्हटलं, सरकारी मराठी आहे. पुढे चल.

रक्त घेणाऱ्या मुलीच्या बिल्ल्यावर जुईली तांडेल.
'एएमएच ना? उपाशी राहायची गरज नव्हती हो.'
मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.
एवढी मोठी गोष्ट विचारायची
तर निदान रिकाम्या पोटी विचारावी,
असं काहीतरी.

शून्य पूर्णांक आठ.

डॉक्टरीणबाईंनी मग सोनोग्राफीच्या पडद्यावर मोजून दाखवलं,
डावीकडे तीन, उजवीकडे दोन,
पाच मिलिमीटर, सहा, हा एक सात.
मला हसू आवरेना.
वेलची आम्ही अशीच निवडतो,
मिलिमीटरच्या चाळण्यांवर.

'यातून किती उरलंय तेवढंच कळतं,' त्या म्हणाल्या,
'कसं आहे, ते नाही.'
म्हणजे गोणी न फोडता केलेला अंदाज.
धनजीशेठ असल्या भावाला हात लावत नाहीत.
आणि आवक?
'ती नसते. साठा जन्माआधीच भरलेला असतो.'

म्हणजे पाचव्या महिन्यातली आई
घणसोलीच्या नळावर पहाटे हंडा लावून उभी,
तिच्या आत मी,
आणि माझ्या आत हे सगळं,
लाखांनी.
कुणी नोंद केली नाही.
आईला तर त्या दिवशी पाणीही पुरलं नसेल.

छापील रिपोर्ट आणायला गेले तेव्हा
जुईली जिन्यापर्यंत मागे आली.
'ताई, मलाही करून बघायचीय.
स्टाफला निम्म्यात होते,
पण माझा आकडा माझ्याआधी सगळं काउंटर वाचणार.'
ती माझ्या ओढणीकडे बघत होती, तोंडाकडे नाही.
'ठाण्याला याल का सोबत?
तिथे मला कुणी ओळखत नाही.'

रविवारी मार्केट बंद असतं.
नौपाड्यातली एक लॅब बारापर्यंत उघडी असते.
मी म्हटलं, ये.
आणि चहा पिऊन ये.