धर्मकाटा, समुद्रपूर

समुद्रपूर, जिल्हा वर्धा.
समुद्र इथून किती लांब आहे
ते मला ट्रेलरवाले सांगतात, डिझेलच्या हिशेबात.
नाव कुणी ठेवलं, ठाऊक नाही.
एक तलाव आहे. त्यात म्हशी.

माझा काटा हायवेला लागून.
साठ टनी, पत्र्याची केबिन, टपटपणारा कूलर,
आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद:
नौवहन महासंचालनालयाची मान्यता,
खाली मुदत, गोल शिक्का, न वाचता येणारी सही.
बाबांच्या फोटोवर जाळं धरलंय
पण ही काच मी रोज पुसते.

कागद यायला दोन वर्षं लागली.
अर्ज, मग त्रुटी, मग त्रुटींची पूर्तता,
मग मुंबईहून आवळे साहेब.
समुद्राच्या खात्याचा माणूस म्हणून मी बघतच राहिले;
त्यांच्या बुटांवरही आमच्यासारखीच काळी माती.
दिवसभर काट्याच्या कोपऱ्यांत
प्रमाणित वजनं ठेवत, उचलत राहिले,
संध्याकाळी म्हणाले,
बाई, तुमचा ईशान्येचा कोपरा बारा किलो खोटं बोलतो.

तो नीट केला. मग त्यांनी नियम सांगितला:
डबा जहाजावर चढण्याआधी
त्याचं खरं वजन लिहून द्यायचं, सहीनिशी.
नाही दिलं तर डबा चढत नाही.
आणि खोटं दिलं तर?
साहेब पाणी प्याले.
तर चढतो, म्हणाले.

परवा रात्री दीडला ट्रेलर आला.
चाळीस फुटी डबा, आत रुईच्या गाठी,
चितगावला जाणार.
सोबत जिनिंगचे मुनीम नगराळे, मफलर कानावर.
काट्यावर चव्वेचाळीस हजार दोनशे साठ.
रिकाम्या गाडीचे वजा चौदा हजार तीनशे वीस.
उरले एकोणतीस हजार नऊशे चाळीस.
मुनीमजींच्या कागदावर अठ्ठावीस हजार दोनशे.
म्हणजे दहा गाठी जास्तीच्या
आणि वर चाळीस किलो.
ते चाळीस बहुतेक दव असावं.

"लिहून टाका ना मॅडम, अठ्ठावीस दोनशे.
पुढचा टप्पा लागला का भाडं वाढते.
डब्बा काय बोलते थोडाच?"

शेजारच्या पंपावर यमुनाबाई कोवे झाडू मारते.
तिचा रूपेश जहाजावर खलाशी आहे,
निळ्या पुस्तकावर त्याचा नंबर, तिला तोंडपाठ.
त्यानं फोनवर सांगितलं होतं तिला,
माय, डब्ब्यावर डब्बा, गावच्या टाकीएवढी चळत,
वारा सुटला का साखळ्या कण्हतेत रातभर,
आन् आमी खालून बॅटऱ्या घेऊन हिंडतो.
तेव्हा तिनं मला विचारलं होतं:
"कोनता भारी, कोनता हलका, कोन पाहाते वो बाई?"
मी चौकटीकडे बोट केलं.
तिला वाचता येत नाही.
तिनं काचेला हात लावून पाहिला,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात.

मी बटण दाबलं.
छपाईयंत्र आपलं करकरत राहिलं,
त्याला रात्र कळत नाही.
एकोणतीस, नऊशे चाळीस.
मुनीमजींनी पावतीला हात लावला नाही.
"जामला दुसरा काटा हाय," म्हणाले,
आणि ट्रेलरचे लाल दिवे त्या दिशेला गेले.

जामच्या काट्याला मान्यता आहे की नाही, मला माहीत नाही.
खात्याला कळवायचा नंबर आवळे साहेबांनी दिला होता,
मी सकाळी लावला. वाजून वाजून बंद झाला.
मग मी पत्र लिहिलं. मराठीत.
काय होतं बघू.

कार्बन प्रत खिळ्याला अडकवली आहे.
डब्यावरची चार अक्षरं, सात आकडे.
उजाडता यमुनाबाई झाडू घेऊन आली, म्हणाली,
"राती गाडी गेली म्हन्ते. कोनता डब्बा होता?"
मी नंबर वाचून दाखवला, दोनदा.
तिनं ओठ हलवत तो पाठ केला.
"विचारतो त्याले," ती म्हणाली,
"फोन आला का. खाली ठेवला का वर."