पहाटेचा फोटो

फोटो सव्वासहाला आला:
"आज पहाटे वरळी कोळीवाड्यात होड्या पेटवल्या."
दुपारपर्यंत तो माझ्या आत्यानंही पाठवला,
खाली जोडलेले हात, तीनदा.

डेस्कवर मी पिक्सेल चाळत बसलो,
धुराच्या कडा, होड्यांवरचे पुसट आकडे.
काही हाती लागेना.
शेवटी गेलो गोमतीबाय केणींकडे.

ओले हात लुगड्याला पुसून
दोन बोटांनी तिनं फोटो मोठा केला,
आगीकडे पाहिलंच नाही.
मागचं क्षितिज पाहिलं.
"ह्यो सूर्य दर्यातून वर येतोय नं?
आमचा दादरच्या बिल्डिंगींमागून येतो.
दर्यात जातो तो, सांजचा."

मग नाळेवर नख टेकवलं:
"आन् अशी नाळ आमचा सुतार नाय काढत."

झालं.
मनातल्या मनात मी लाल शिक्का मारला: खोटा.

ती फोन परत देईना.
होडीच्या न जळलेल्या टोकाला
कुणीतरी जाळं ठेवलं होतं,
नीट, चार पदरी घडी घालून.
"हिथली नाय," ती म्हणाली,
"पन कोनाची तरी हाय ना रं ही होडी?"

त्यासाठी माझ्याकडे शिक्का नव्हता.