चपलांची तोंडं

पहिल्या दिवशी नव्या मुख्याध्यापिका, खुझैमा बाई,
चपला काढून कचेरीत गेल्या.
परतल्या तर त्या कुणीतरी फिरवून ठेवलेल्या,
तोंडं दाराबाहेर,
नुसते पाय सरकवायचे नि निघायचं.
थबकल्या. सुराबायाच्या प्रशिक्षणात हे नव्हतं.
"मी जावं असं वाटतंय का कुणाला?" मला हळूच विचारलं.
मी कारकून. एकवीस वर्षं हजेरीपटावर रेघा मारतोय.
म्हटलं, बाई, हा मान आहे.

आधीचे कियाई, मदरशाच्या गुरूंचे नातू.
हुकूम असा त्यांनी दिलाच नाही.
खोकले, की तास सुटे.
पेला उपडा घातला, की सभा संपे.
कुणाला काढायचं असलं
तर पहाटेच्या दुआत त्याचं नाव येईनासं व्हायचं.

बाईंनी फळ्यावर चौकटी आखल्या,
रंगीत कागद वाटले: तुमचं वेगळं मत लिहा.
बावीस परत आले. एकवीस कोरे.
एकावर सुवाच्य अक्षरात: इंग्गिह.
म्हणजे हो. म्हणजे ऐकलं. म्हणजे
आपण म्हणाल तसं,
त्यापलीकडचं आम्हाला विचारू नका.

मग शाबानात प्रश्नपत्रिका फुटली.
पहारेकऱ्याचा फातुल सापडला.
सगळे चटयांवर, भिंतीला टेकून,
खोकल्याची वाट बघावी तसे.
पोर दारात अनवाणी.
त्याच्या रबरी चपला, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला,
बापानं आधीच फिरवून ठेवल्या होत्या,
बाहेर. न्यायला.

बाई उठल्या, वाकल्या,
आणि त्यांची तोंडं आत वळवली.

शोलेह सर, रसायनवाले,
ज्यांचा आवाज मी फक्त अजानला ऐकलाय,
म्हणाले: "म्बोतन."
नाही.
"हे चुकतंय, बाई. बाकीच्या पोरांनी रात्री जागवल्यात."
त्यांची दाढी थरथरत होती.
बाईंनी पेन काढलं, शब्दन् शब्द उतरवून घेतला.
दोन तास भांडले सगळे. चहा दोनदा गार झाला.
मुलगा राहिला. पेपर पुन्हा झाला,
शोलेह सरांनी काढला, आणि अवघड काढला.

त्या संध्याकाळी बाईंच्या चपला
जशा काढल्या तशाच, तोंडं आत.
भांडणाच्या नादात राहूनच गेलं.
मी धावलो. त्यांनी हातानंच थांबवलं,
उंबऱ्यावर पाठमोऱ्या उभ्या राहून
एकेक पाय घातला,
जरा अडखळल्या, आणि हसल्या.

उद्यापासून फिरवू का नको,
मी अजून विचारलेलं नाही.