घटक दोन : अवधान

मनीषनगरात रात्री नवालाही भिंती तापलेल्या.
कूलर वरच्या मजल्यांवर घुरघुरतात,
मी गेटच्या केबिनीत, मोबाईल बाटलीला टेकवून,
माईक बंद.

ढोक मॅडम म्हणाल्या, पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजा.
मोजले. चौदा.
चॅटमध्ये सगळ्यात आधी माझाच आकडा.
'बरोबर. आणि छत्री घेऊन गेली ती बाई?'
कोणती बाई, बाप्पा?
व्हिडिओ मागे नेला.
मधोमध चालत गेली होती,
उघडी छत्री, कसलीच घाई नाही.

अकराला रजिस्टर लिहायला घेतलं.
सहा वर्षं एक गाडी चुकली नाही माझी :
आत एक्केचाळीस, बाहेर एक्केचाळीस.

मग पेन थांबला.
तीनशे चारच्या शेंडे काकू
रोज गोडलिंब तोडायला खाली यायच्या,
'जेवला का रे' विचारून जायच्या.
कधीपासून आल्या नाहीत?
पानं उलटली. पायी येणाऱ्याजाणाऱ्यांची
नोंदच नसते आपल्याकडे.

परीक्षेत विचारतील, अवधान म्हणजे काय, चार गुण.
ते पाठ आहे.

इंटरकॉमवर तीन शून्य चार दाबून
उभा आहे.
वाजून राहिला.