झुल्मिराच्या लॅबची किल्ली

आम्ही दात बनवतो.
आधी मेणाचे, मग प्लास्टरच्या पोटात घालून
गुलाबी हिरड्यांसकट पक्के.
कोविल्यांच्या चढावर, बंद पडलेल्या लोकरगिरणीमागे
चार टेबलं, एक भट्टी
आणि दारामागे शाळेत असते तशी पाटी.

पहिल्याच दिवशी झुल्मिरानं हातात किल्ली ठेवली.
म्हटलं, अजून माझं काम तरी बघा.
ती म्हणाली, बघीन की. काम दिसतंच.
किती वाजता केलंस
ते दातावर कुठं लिहिलेलं असतं?

याआधी मी लिस्बनला होते, मोठ्या कंपनीत.
भिंतीवर पोस्टर : आपण सारे एक कुटुंब.
ते दाखवायचे दात.
खायचे कळले त्या मंगळवारी,
बेनेदिताचं अंग तापानं भाजत होतं तेव्हा.
दीड तास सुट्टीसाठी मी दातांच्या कण्या केल्या
आणि सुपरवायझरनं घड्याळाकडे बघत विचारलं,
मुलीला दुसरं कुणी नाही का?

नव्हतं.

इथं ज्याची त्याची वेळ ज्याच्या त्याच्या अक्षरात.
विटोरिनो : मंगळवार, शुक्रवार, आईचं डायलिसिस, तीननंतर येईन.
लिओकादिया : सहा ते दोन. जुळ्यांना शाळेतून आणणे.
मी : बर्फ पडलं तर सांगता येत नाही.
बर्फ पडलं की शाळेची बस वर चढत नाही,
मग बेनेदिता माझ्या टेबलाखाली बसते
आणि बिघडलेल्या साच्यांचं गाव वसवते,
दाढांचे डोंगर, सुळ्याचं चर्च,
चर्चसमोर एक कवळी, उघडी, तिच्या मते ते बसस्टॉप.

सगळं गोडच होतं असं नाही.
एकदा अदेरितोनं हातातला साचा आदळला.
तुम्हाला मुलं आहेत, म्हाताऱ्या आया आहेत,
मला कुणी नाही, म्हणून सातनंतरची भट्टी
जन्मभर माझीच का?
आम्ही तिघंही मान खाली घालून मेण खरवडत राहिलो.
माझ्या मनात आलं, दोन वर्षं हाच प्रश्न मी त्याला
न विचारता विचारत होते :
तुला काय, तुला कोण आहे?
झुल्मिरानं काही समजावलं नाही. खडू दिला त्याच्या हातात.
तो पाटीसमोर बराच वेळ उभा.
मग लिहिलं : गुरुवार, चारपासून, ट्रोम्बोन.
आम्हाला माहीतच नव्हतं.

बेनेदिताचा पहिला दात पडला तो इथंच,
पावाच्या तुकड्यात अडकून.
चौघांनी हातातली कामं टाकली.
झुल्मिरानं चष्मा चढवला, रंगांची पट्टी आणली,
एकेक छटा त्या तांदळाएवढ्या दाताशेजारी धरून पाहिली
आणि गंभीरपणे म्हणाली,
एवढा पांढरा आपल्याकडे नाही.

आज गुरुवार. रात्रीचे साडेनऊ.
दुपारी मी शाळेच्या नाटकाला होते, दुसऱ्या रांगेत.
बेनेदिता मेंढी झाली होती. एकदाच बें करायचं होतं,
तिनं तीनदा केलं.
आता ती लिओकादियाकडे, जुळ्यांच्या मधोमध झोपली असेल
आणि मी दोना एर्मेलिंदांची खालची कवळी घासतेय.
शनिवारी त्यांच्या नातीचं लग्न आहे.
मला फोटोत ओठ मिटायचे नाहीत, म्हणाल्यात.

भट्टी विझवली. चिमणीतून गरम प्लास्टरचा वास.
पाटीवर लिहिलं : फिर्मिना, पाच ते साडेनऊ.
दाराशी येऊन परत वळले,
खोडून नऊ केलं.
कारण त्यातला अर्धा तास मी नुसतीच खिडकीत उभी होते,
खालच्या गल्लीत बँडची तालीम चालली होती
आणि एक ट्रोम्बोन
दर वेळी त्याच जागी चुकून
पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.