मिनिटाला नऊ बिर्र

आइलाच्या रेकॉर्डरमधलं बोलणं
मी कागदावर उतरवून देतो.
मिनिटाला नऊ बिर्र. गप्प बसलेलं मिनिटही धरतात.
'मला तेच तर हवंय,' आइला म्हणते,
आणि तिसरा रकाना आखते:
न उच्चारलेला शब्द.

आमच्याकडे, हवासाच्या तळ्यापासून दोन तास वर,
जुन्या सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत.
नाव तर नाहीच, पण नावाचं पहिलं अक्षर
ज्या शब्दाच्या तोंडाला लागलं
तो शब्दही नाही.
आजोबांचं नाव 'बु'वरून.
'बु'वरूनच बुना, म्हणजे कॉफी.
आई ती खुडते, वाळवते, भाजते, कांडते,
धुराने पाणावलेले डोळे खांद्याला पुसत
तीन फेऱ्या पेले भरते,
आणि बेचाळीस वर्षं तिला म्हणते 'जागवणारी'.

जड जातं का, आइलाने विचारलं.
'पहिल्या वर्षी विचारायला हवं होतं कुणीतरी.
शब्द ओठांशी यायचा आणि मी खोकायचे.
सासूला वाटलं, पोरगी क्षयाची गळ्यात मारली.'
(इथे बायकांचं हसणं. चौदा सेकंद.)

एक गोष्ट आइलाला कुणी सांगितली नाही.
माझं नाव आजोबांनी ठेवलं,
स्वतःच्या नावाचा तुकडा मोडून.
आई मला दाण्या म्हणते.
शाळेत घालायला नेलं तेव्हा
हेडमास्तर पेन उघडून म्हणाले, नाव?
आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.
'त्यालाच विचारा.'
मी पाच वर्षांचा, ओरडूनच सांगितलं.
ती खिडकीबाहेर कुणाचा तरी बैल बघत होती.

टेप एकतिसावी.
आइला फोनला रेंज शोधत टेकाडावर गेलेली,
रेकॉर्डर चटईवर तसाच चालू.
कोंबड्या. झाकण. ओल्या लाकडाची फसफस.
सात मिनिटं काही नाही.
मग आईचा आवाज,
नव्या मडक्यात पाणी भरून
खालून हात फिरवावा, गळतंय का म्हणून,
तसा.
माझं नाव.
थांबली. पुन्हा एकदा,
या वेळी शेवटचं अक्षरही पुरतं.

आजोबांना जाऊन सोळा वर्षं झाली.

मी टेप तीनदा मागे नेली.
चौथ्यांदा नेली नाही.
कुठल्या रकान्यात घालू हे?
वेळ लिहिली, आणि पुढे:
कोंबडा. बाकी अस्पष्ट.
त्या मिनिटाचे पैसे लावले नाहीत.

संध्याकाळी मी कागद सारखे करत बसलो होतो,
तर आतून हाक आली,
'दाण्या, जागवणारी निवतेय रे.'